सालाची बाटली

मद्याविषयी लिहिण्याचा मला तसा अधिकार नाही. उभ्या आयुष्यात मी चाखलेली मद्ये दोन्ही हातांच्या बोटांवर मोजता येतील, आणि त्यांतलीही बहुतेक भिडेखातर चाखलेली. लग्न होऊन ज्या घरात आले तिथे चातुर्मासात कांदालसूणही वर्ज्य होते. मग बाटलीचे नाव कुठले! तरीही दोन बाटल्या माझ्या मनात कायमच्या उभ्या आहेत. दोन्ही शॅम्पेनच्या, आणि उघडल्या तेव्हा दोन्ही वीस वर्षांच्या. एक १९७६ सालची, १९९६च्या डिसेंबरात फ्रान्समधल्या रँस या शहरी उघडलेली. दुसरी १९९० सालची, २०१०च्या डिसेंबरात पुण्यातल्या माझ्या स्वयंपाकघरात उघडलेली. वय सारखेच असूनही या दोघींत काही म्हणजे काहीच सारखे नव्हते.

मी तेव्हा एका महाविद्यालयात फ्रेंच शिकवीत असे. भाषाशिक्षकांसाठी असलेल्या शिष्यवृत्तीवर दहा महिन्यांसाठी रँसला गेले ती १९९६च्या सप्टेंबरात. मुलगा दहा वर्षांचा होता. त्याला यजमानांच्या आणि सासूबाईंच्या हवाली करून निघताना पाय जड झाले होते, आणि पोहोचल्यावर पहिले काही दिवस ते तसेच जड राहिले. ज्या बाईंच्या घरी वरच्या मजल्यावरची खोली मी भाड्याने घेतली त्यांना मी मादाम म्हणत असे. इथेही तेवढेच म्हणेन. त्यांचे पती चार वर्षांपूर्वी वारले होते. आयुष्यभर त्यांनी एका शॅम्पेन-घराण्याच्या तळघरात बाटल्या फिरवण्याचे काम केले होते. ‘बाटल्या फिरवण्याचे’ म्हणजे काय ते मला पहिल्यांदा कळलेच नाही. मला वाटले, गाडीवरून दुकानोदुकानी पोहोचवीत असतील.

मी गेले ते तोडणीचे दिवस होते. शहराबाहेरच्या उतारांवर माणसे द्राक्षवेलींच्या रांगांत वाकलेली दिसत. १९९६चे ते साल पुढे त्या प्रदेशात गाजले. द्राक्षांत गोडी भरपूर आणि आंबटपणाही भरपूर, असा योग सहसा येत नाही म्हणून लोक हरखले होते. मादामच्या तोंडी त्या दिवसांत सारखा एकच प्रश्न असे: हे ‘सालाचे’ वर्ष ठरेल का? शेतकऱ्याच्या घरात पावसाविषयी बोलतात त्या सुरात हे बोलणे चाले, म्हणून मला ते ओळखीचे वाटे. अर्थ मात्र हळूहळू उलगडला.

शॅम्पेनच्या बहुतेक बाटल्यांवर साल नसते. तो प्रदेश उत्तरेकडचा, थंड. द्राक्षे कशीबशी पिकतात, एखाद्या वर्षी पिकतही नाहीत. म्हणून तिथल्या लोकांनी मिश्रणाची विद्या साधली. पिनो न्वार, मनिए आणि शार्दोने ही तीन द्राक्षे, निरनिराळ्या गावांचे रस, आणि त्यात मागल्या वर्षांचा राखून ठेवलेला साठा, असे सगळे मिसळून दरवर्षी एकच एक चव राखायची. या मिश्रणात वर्ष विरघळून जाते. चांगल्या वर्षाने वाईट वर्षाला सांभाळून घ्यायचे, असा तो एकत्र कुटुंबाचा कारभार. पण एखादे वर्ष असे उगवते की त्याला मिसळून टाकणे जिवावर येते. त्या वर्षाच्या द्राक्षांची बाटली वेगळी काढतात आणि तिच्यावर त्याचे साल घालतात. साध्या बाटलीला निदान पंधरा महिने तळघरात काढावे लागतात, सालाच्या बाटलीला तीन वर्षे; हा कायदा आहे. मनाने त्याहून पुष्कळ अधिक थांबणारे लोक तिथे आहेत.

मादामच्या पतींचे एक जुने सहकारी एका रविवारी मला तळघर दाखवायला घेऊन गेले. (मी पुण्याहून आले म्हटल्यावर ते खुशीत आले होते. रँसच्याच पायपर-हाइडसीक या घराण्याच्या तांत्रिक साहाय्याने १९८०च्या दशकात आपल्या नारायणगावला फेसाळती वाइन होऊ लागली आणि ‘ओमर खय्याम’ या नावाने परदेशी विकली गेली, हे त्यांना ठाऊक होते. मला, जुन्नरच्या रस्त्याने शंभरदा गेलेल्या बाईला, ते तिथे कळले.) शंभराहून अधिक पायऱ्या उतरून गेलो. वर सप्टेंबरातले कोवळे ऊन. खाली दहा-अकरा अंशांचा, वर्षानुवर्षे न बदललेला गारवा. खडूच्या पांढऱ्या दगडात खोदलेल्या उंच विहिरींसारख्या त्या पोकळ्या, वर निमुळत्या होत गेलेल्या. बांधकामाचा दगड काढण्यासाठी त्या रोमन काळात खणल्या गेल्या. मद्य त्यांत आले ते पुष्कळ शतकांनी. पहिल्या महायुद्धात रँसवर तोफा डागल्या जात होत्या, १९१४च्या सप्टेंबरात तिथले कॅथीड्रल जळाले, तेव्हा गावातली माणसे या तळघरांतून राहिली. मुलांच्या शाळाही इथे भरल्या. त्या साली पुरुष आघाडीवर गेलेले, म्हणून बायका, म्हातारी आणि पोरे यांनी तोफांच्या टप्प्यात द्राक्षे तोडली. आणि १९१४चे ते साल पुढे फार मोठ्या गुणाचे निघाले. ते सांगताना आमच्या वाटाड्याचा आवाज खाली आला. बाटलीवर साल लिहिण्यात काय काय लिहिले जाते, याची मला तिथे पहिली जाणीव झाली.

मग त्यांनी फिरवण्याचे काम दाखवले. शॅम्पेनमधला बुडबुडा बाहेरून भरलेला नसतो. तयार वाइनमध्ये थोडी साखर आणि यीस्ट घालून बाटली बंद करतात. आत दुसऱ्यांदा आंबवण होते आणि कोंडलेल्या वायूचा दाब सहा वातावरणांपर्यंत चढतो, मोटारीच्या चाकातल्या दाबाच्या जवळपास तिप्पट. काम संपवून यीस्ट मरते, आणि मेल्यावरच त्याचे खरे दान सुरू होते. तळाशी गाळ होऊन ते वर्षानुवर्षे सावकाश विरघळत राहते आणि मद्याला भाजल्या पावाचा, लोण्याचा वास देते. हा गाळ शेवटी काढायचा कसा? तर तिरप्या फळ्यांच्या भोकांत बाटल्या मानेवर खोचून रोज थोड्या थोड्या फिरवायच्या, हळूहळू उलट्या करत न्यायच्या, म्हणजे गाळ बुचाशी येऊन बसतो. हे काम करणारे कसबी लोक दोन्ही हातांनी, न बघता, दिवसाला कित्येक हजार बाटल्या फिरवीत. आता बहुतेक ठिकाणी ते यंत्र करते. मादामच्या पतींच्या उतारवयात यंत्रे आली. ते घरी येऊन जेवायच्या टेबलावरच्या मिठाच्या बाटलीला नकळत पाव वेढा देत, असे मादाम सांगत.

ही युक्ती निघाली ती एका विधवेच्या तळघरात. बार्ब-निकोल क्लिको सत्ताविसाव्या वर्षी, १८०५ साली विधवा झाली, नवऱ्याचा व्यवसाय तिने हाती घेतला, आणि पुढच्या दहाबारा वर्षांत तिच्याकडे बाटल्या फिरवण्याची ही पद्धत बसली. तिच्या बाटलीवर आजही नाव आहे ते ‘व्हव क्लिको’, म्हणजे विधवा क्लिको. पुढे १८५८ साली लुईझ पॉमेरी, १९४१ साली लिली बोलँजे, अशा आणखीही बायका नवऱ्यामागे ही घराणी चालवू लागल्या. मला त्या शब्दावरून डोळे हलवता येईनात. आमच्याकडे मंगलकार्यात जो शब्द कुणी उच्चारीत नाही तो इथे लग्नाच्या टेबलावर ठळक छापलेला! माझ्या सासूबाई चाळिशीत विधवा झाल्या होत्या. चैत्रातल्या हळदीकुंकवाला डाळ वाटायची त्यांनी, पन्हे करायचे त्यांनी, आणि बायका येऊ लागल्या की माजघरात जाऊन बसायचेही त्यांनीच. हे मी यजमानांना पत्रात लिहिले होते. उत्तरात त्यांनी त्याविषयी एक अक्षर लिहिले नाही. एवढेच विचारले, ‘तुझ्या त्या शॅम्पेनमध्ये साखर किती घालतात?’ चहात तीन चमचे साखर घेणारा माणूस तो. अवघड विषय आला की साखरेवर जायची त्यांना सवय होती.

नाताळच्या आदल्या रात्री मादामची मुलगी लियोंहून आली. ती १९७६च्या ऑगस्टात जन्मलेली. त्या वर्षी सगळ्या पश्चिम युरोपात मोठा उन्हाळा पडला होता, पावसाचा टिपूस नव्हता, आणि शॅम्पेनमधली तोडणी सप्टेंबर उजाडताच सुरू झाली होती. मुलगी सहा वर्षांची झाली तेव्हा ते साल विक्रीला निघाले, आणि तिच्या वडिलांनी घराण्याकडून कामगारांना मिळणाऱ्या बाटल्यांतली एक तळघरात आडवी करून ठेवली. पाटीवर पेन्सिलीने लिहिले: ‘वीस’. त्यांना स्वतःला ती वर्षे पुरली नाहीत.

मादामने बाटली टेबलावर आणली तेव्हा तिच्यावर धूळ होती. ती त्यांनी पुसली नाही. बर्फातही ठेवली नव्हती, नुसती तळघरातून आणली होती. माझ्या डोळ्यांपुढे शर्यत जिंकणाऱ्यांनी उडवलेले फेसाचे कारंजे होते, म्हणून मी जरा मागे सरले. मादामने बुचावर फडके धरले, बूच तसेच ठेवून बाटलीच फिरवली, आणि एक बारीक सुस्कारा ऐकू आला. बस्स. पेल्यात उतरले ते जुन्या सोन्याच्या रंगाचे. तळापासून बुडबुड्यांची एकच रेघ निघत होती, कापसाच्या वातीसारखी बारीक, मध्येच तुटणारी.

मी खरे सांगते, माझी निराशा झाली. मला वाटले, उतरली बिचारी. मी काही बोलणार तोच मादामने बोटाने खूण केली: थांबा. पेला हातात धरून आम्ही पाच-सात मिनिटे नुसत्या बसलो. मग मी पेला नाकाशी नेला आणि क्षणभर मला माझ्या माहेरचे स्वयंपाकघर दिसले. लोणी कढत आले आहे, तूप वेगळे होते आहे आणि तळाशी बेरी बसते आहे, त्या घडीचा तो वास! त्यामागून सुक्या जर्दाळूचा, भाजलेल्या बदामाचा, आणि अगदी शेवटी, पहिल्या पावसात भिजलेल्या चुन्याच्या भिंतीचा. पुढे वाचनात आले की लोणी कढवताना, पाव भाजताना साखर आणि अमिनो आम्ले यांच्यात जी क्रिया होते तिच्याच जातीची एक अतिमंद क्रिया थंड अंधारात बाटलीतही चालू असते. म्हणजे माझ्या नाकाने काही कविकल्पना केली नव्हती. चूल तीच होती; तिला वीस वर्षे लागली एवढेच.

चव त्याहून वेगळी. वासाने गोडाची आशा लावावी आणि जिभेवर कोरडे, ताठ, जवळजवळ कठोर असे काही यावे. बुडबुडे टोचत नव्हते. असल्याची नुसती आठवण देत होते. तरुण शॅम्पेन मी नंतर चाखली. ती बोलकी असते, हिरव्या सफरचंदासारखी करकरीत, आल्याआल्या सगळे सांगून टाकणारी. या म्हातारीने काहीच पुढे होऊन सांगितले नाही. आपण विचारावे आणि तिने थोडे थोडे द्यावे. पेला संपत आला तेव्हा कुठे कॉफीसारखा एक कडवट सूर लागला, तो आधी नव्हताच. जुने ते सारेच चांगले, असे मी मानीत नाही. आपल्याकडे त्या समजुतीने पुष्कळ नुकसान केले आहे. पण इथे जुनेपण म्हणजे नवेपणाचे उरलेसुरले नव्हते. नवी असताना जे तिच्यापाशी नव्हतेच ते काळाने तिला दिले होते, आणि बदल्यात तिचा फेस घेतला होता.

मुलीने दुसरा घोट घेतला आणि म्हणाली, “बाबा म्हणाले असते, अजून पाच वर्षे थांबायला हवे होते.” मादाम हसल्या. “तुझे बाबा प्रत्येक बाटलीला तेच म्हणत.” मग त्यांनी रिकामी बाटली, उगीचच, पाव वेढा फिरवून ठेवली.

मी १९९७च्या जूनमध्ये परतले. निघताना मादामने मला एक बाटली दिली. त्यांच्या दिराची स्वतःची थोडी वेलशेती होती, त्याच्याकडची १९९० सालची. तेही मोठ्या उन्हाचे आणि फार चांगले साल. बाटली दिली आणि बजावले: “हिला वाट पाहता येते, पण माझ्या तळघरात, तुमच्या देशात नाही. या वर्षीच उघडा. प्रसंग मोठा नसला तरी चालेल.”

मी हो म्हटले. दोन रेशमी साड्यांत गुंडाळून ती घरी आणली, पुठ्ठ्याच्या खोक्यात घातली, आणि खोके माझ्या लोखंडी कपाटाच्या तळच्या कप्प्यात, गाद्यांच्या अभ्र्यांमागे ठेवले. सासूबाई पंढरीच्या माळकरी. त्यांच्या घरात दारूची बाटली आहे हे त्यांना कळू द्यायचे नाही, एवढे आम्हा उभयतांत ठरले. त्या वर्षी उघडणे झाले नाही, कारण सासूबाई घरातच असत. पुढे यजमानांना बढती मिळाली तेव्हा मी म्हटले, आज? ते म्हणाले, “एवढ्याशासाठी कशाला? फ्लॅटचे कर्ज फिटू दे.” कर्ज फिटले त्या वर्षी मुलाची दहावी होती. २००३ साली सासूबाई गेल्या. वर्षभर काही करायचे नव्हते. मग ठरले की यजमान निवृत्त होतील त्या दिवशी. ती तारीखही ठरलेली होती, ३१ मे २००७. मीच आता पक्की झाले होते: प्रसंग बाटलीच्या तोलाचा हवा. २००६च्या ऑक्टोबरात, एका साध्या मंगळवारी, कचेरीच्या जिन्यात त्यांना हृदयविकाराचा झटका आला.

त्यानंतर ते खोके कपाटात आहे हे मी विसरले असे म्हणणार नाही. विसरले नव्हते. फक्त त्या कप्प्याकडे हात जात नव्हता.

२०१०च्या उन्हाळ्यात बातमी आली की फिनलंडच्या आलँड बेटांजवळ, बाल्टिक समुद्राच्या तळाशी बुडालेल्या एका जहाजात पाणबुड्यांना शॅम्पेनच्या बाटल्या सापडल्या. पुढे मोजल्या तेव्हा १६८ भरल्या. सुमारे १७० वर्षांपूर्वीच्या. त्यांत व्हव क्लिकोच्याही होत्या. पन्नास मीटर खोल, दोन ते चार अंशांच्या पाण्यात, पूर्ण अंधारात इतकी वर्षे पडून असूनही त्यांतल्या काही पिण्याजोग्या निघाल्या. ती बातमी मी दोनदा वाचली आणि कपाटाकडे पाहिले. पुण्याच्या एप्रिल-मेमध्ये ते लोखंडी कपाट हात लावू देत नसे. तेरा उन्हाळे! कोणाला सांगायची गरज नव्हती. आत काय असणार ते मला कळले होते.

तरी उघडायची ठरवली. डिसेंबरात मुलगा परदेशातून आला होता. रात्री जेवणे झाल्यावर मी खोके स्वयंपाकघरात आणले. वरचा पुठ्ठा उचलला आणि थबकले. मी बाटली खोक्यात नुसती घातली होती. रेशमी साड्या तेव्हाच काढून घेतल्या होत्या. आता ती सुती कापडात नीट, तान्ह्याला गुंडाळावे तशी, गळ्यापर्यंत गुंडाळलेली होती. मऊ झालेले, करड्या रंगाचे, बारीक काठाचे कापड.

मुलगा म्हणाला, “हे आजीचं लुगडं आहे.”

मी बोलले नाही. तोच पुढे म्हणाला, “तिनं मला एकदा विचारलं होतं. मी आठवीत असेन. म्हणाली, ‘तुझ्या आईची ती काचेची बाटली कपाट उघडलं की वाजते. फुटेल एखाद दिवशी. कशाची आहे रे?’ मी म्हटलं, मला माहीत नाही. तर म्हणाली, ‘असू दे. तिची आहे ना, मग सांभाळायला हवी.’”

कापडावर गळ्यापाशी तळहाताएवढा पिवळा डाग होता. कुठल्यातरी उन्हाळ्यात बुचाकडून झिरपले असावे. आम्ही कापड सोडले, तार काढली. फडके धरायची गरज पडली नाही. बूच सुरकुतून बारीक झाले होते, बोटांनी ओढताच निघाले. आवाज नाही, सुस्काराही नाही. पेल्यात उतरले ते कोऱ्या चहाच्या रंगाचे. दुपारभर उघड्या राहिलेल्या सफरचंदाच्या फोडीचा वास, त्यात भिजलेल्या पुठ्ठ्याचा. मी मादामसारखी बोटाने खूण केली, थांब. आम्ही पाच-सात मिनिटे थांबलो. पेल्यात काही बदलले नाही. मग चव घेतली. आंबट, सपाट, आणि मागे काही नाही. मुलाने तोंड वाकडे केले नाही, एवढे मला अजून आठवते. त्याने पेला संपवला.

“बाबांना आवडली असती का गं?” त्याने विचारले.

“साखर घालून घेतली असती,” मी म्हटले. आणि दोघेही हसलो, बऱ्याच दिवसांनी.

उरलेली मी मोरीत ओतली. बाटली रद्दीवाल्याने नेली. लुगड्याचा तुकडा दोनदा धुतला; डाग राहिला, तो राहू दिला. मादामना पत्र लिहिले, त्यात सगळे खरे लिहिले. त्यांचे उत्तर आले तेव्हा अक्षर थोडे कापू लागले होते. रागावल्या नव्हत्या. लुगडे किती लांब असते, एवढेच त्यांनी विचारले होते.

बाल्टिकमधल्या त्या बाटल्यांचे रासायनिक पृथक्करण २०१५ साली प्रसिद्ध झाले. उघडल्यावर प्रथम ओल्या केसांसारखा, जनावरांच्या अंगासारखा वास आला. पण पेला हलवून हवा लागू दिल्यावर धुराचा, चामड्याचा, मसाल्याचा, आणि शेवटी फुलाफळांचाही. त्या काळी शॅम्पेन फार गोड पीत. आज जिला ‘ब्रूत’ म्हणतात तिच्यात लिटरमागे बारा ग्रॅमहून कमी साखर असते. त्या बाटल्यांत ती दीडशे ग्रॅमच्या आसपास निघाली. तो आकडा वाचून मी चष्मा काढून ठेवला. दीडशे ग्रॅम. यजमानांना तेवढी पुरली असती.